दोन इंचांचा शिष्टाचार

२ फेब्रुवारी

मॅडमनी आज दोन वह्या दिल्या. एकीत मी दिवसभरात काय खाल्लं ते लिहायचं आणि दर महिनाअखेरीला ती त्यांना दाखवायची. दुसरी जादा, पहिली संपली तर. पहिली संपणार नाही, कारण तिच्यात मी खरं लिहिणार नाही हे पहिल्याच नोंदीला कळून चुकलं. “चहा, बिनसाखरेचा. पाव, एक,” असं लिहून मोकळा झालो. साखर दोन चमचे होती आणि पाव तीन होते. तेव्हा ही दुसरी वही माझी. ती कापडाच्या ताग्यांमागे राहील. तिथे बायको हात घालत नाही, तिला धुळीने शिंका येतात.

मॅडम विद्यापीठातून आल्यात. वाढणारं वजन आणि साखरेचा आजार घराण्यात कसा उतरतो, एकाच घरात कुणाला गाठतो आणि कुणाला सोडतो, हा त्यांचा अभ्यास. त्यासाठी त्यांना अशी घरं हवीत, जिथे बापाची, लेकाची आणि नातवाची कंबर वर्षानुवर्षं कुणीतरी मोजून लिहून ठेवली आहे. असं काम डॉक्टर करतात आणि शिंपी करतात, आणि डॉक्टरांकडचे कागद गहाळ होतात. आमच्या दुकानात आबांपासूनच्या, म्हणजे माझ्या वडिलांपासूनच्या, एकेचाळीस मापवह्या आहेत. गिऱ्हाइकांच्या संमतीच्या सह्या गोळा करून मी त्या मॅडमपुढे मांडल्या, तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला की मला उगाचच आपण शास्त्रात काहीतरी केलंय असं वाटायला लागलं.

माझा स्वार्थ वेगळा आहे. आबांचा उजवा पाय सत्तावन्नाव्या वर्षी गेला आणि बाकीचे आबा एकोणसाठाव्या. साखर. टाचेला झालेली जखम त्यांनी पाच महिने बुटात लपवली आणि त्याच पायाने मशीन चालवत राहिले. मी आता त्रेपन्नचा, कंबर बेचाळीस. धाकटा भाऊ एकोणपन्नासचा, बिनलग्नाचा, आमच्यातच असतो, त्याच्या अंगावर चिमटीत धरायला मांस नाही. आजार एक आणि मुलगे दोन. तो कुणाच्या वाट्याला येणार हे आमच्याकडे बघून कुणीही सांगेल.

बायको रोज म्हणते, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात बोटाला टोचून दोन मिनिटांत साखर सांगतात, दोघंही जाऊन या. मी तिला समजावलं की आता मॅडम लाळेवरून थेट मुळाशी जाणार आहेत, तीन महिन्यांत सगळं कळेल, मग बोटाला कशाला त्रास. खरं तर मी टोचण्याला घाबरत नाही. सुई माझ्या बोटात दिवसातून चारदा जाते. टोचल्यावर जो आकडा येईल त्याला मी घाबरतो.

४ फेब्रुवारी

आज लाळ दिली. नळीवर रेघ असते, तिथपर्यंत भरायची, फेस धरायचा नाही. मॅडम म्हणाल्या, आवडीचा पदार्थ डोळ्यांसमोर आणा. मी बेकरीतला लोण्याचा केक आणला आणि मिनिटाच्या आत रेघ ओलांडली.

धाकट्याची नळी काही भरेना. तोंड कोरडं पडलंय म्हणाला. मध्येच उठून पाणी प्यायला, तर मॅडम म्हणाल्या की पाण्यानंतर अर्धा तास थांबावं लागतं. अर्धा तास थांबला, पुन्हा तहान लागली, पुन्हा प्यायला, पुन्हा अर्धा तास. गाल हलवत खुर्चीत बसून होता. मी म्हटलं, याला आयुष्यात कशाची हावच नाही, तोंडाला पाणी सुटणार कुठून. मॅडम हसल्या, तोही हसला, पण शेवटी नळी घरी घेऊन गेला.

हाव नाही हे मी उगाच बोललो. जेवताना त्याने सहा पाव खाल्ले आणि मी वैराग्याने बाजूला ठेवलेला माझा सातवा.

१० फेब्रुवारी

मॅडमना विचारलं की माणसाला जाड करणारं ते जनुक नेमकं कुठे असतं आणि उसवून काढता येतं का. त्या म्हणाल्या, असं एकच नसतं. शेकडो जागी माणसामाणसांत बारीक फरक असतात. एकेकट्याने फारसं बिघडत नाही, पण सगळ्यांची बेरीज होते. हे मला लगेच समजलं. कोटाची प्रत्येक शिलाई दोऱ्याएवढी बाहेरून मारली, तर एकाही शिलाईत चूक दिसत नाही आणि कोट एक नंबर मोठा होतो. मॅडमनी हे लिहून घेतलं. वर्गात सांगणार म्हणाल्या.

काही फरक भुकेवर परिणाम करतात. पोट भरल्याचा निरोप काहींच्या मेंदूला उशिरा पोचतो. जेवताना मी हे बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, निरोप उशिरा पोचत असेल तर ताट मी लवकर उचलत जाईन. आणि उचललं.

एकाच आईबापांची दोन मुलं वेगळी कशी, असंही विचारलं. प्रत्येक मुलाच्या वेळी पत्ते नव्याने पिसले जातात, कुणाच्या हातात काय आलं ते वरून दिसतंच असं नाही, असं त्या म्हणाल्या. धाकटा कापत होता, त्याची कात्री थांबली आणि परत सुरू झाली. वाईट पत्ते आले तरी खाणं, चालणं, झोप यांनी डाव बराच सावरता येतो, असंही त्या म्हणाल्या. तेवढा भाग मी घरी सांगितला नाही.

१८ फेब्रुवारी

मॅडमना एक गोष्ट सांगितलेली नाही, ती इथे लिहून ठेवतो.

आबांनी शिकवलं होतं की गिऱ्हाइकाची कंबर मोठ्याने सांगताना दोन इंच कमी सांगायची आणि वहीतही तेच लिहायचं, कारण गिऱ्हाईक वहीत डोकावतं. कापताना ते दोन इंच गुपचूप परत घालायचे. माणूस हडकुळा असेल तर उलट, दोन इंच वाढवून लिहायचे, म्हणजे आपण चारचौघांसारखे आहोत असं त्याला वाटतं. पुढे माणूस सुटो की आटो, वहीतला आकडा शक्यतो तोच ठेवायचा. आबा याला दोन इंचांचा शिष्टाचार म्हणायचे. वहीत शिष्टाचार, डोक्यात खरा आकडा. मला हजारभर माणसांच्या खऱ्या कंबरा पाठ आहेत. बायकोचा वाढदिवस मात्र दरवर्षी विचारावा लागतो.

यामुळेच आमच्या दुकानातून आजवर कुणी मान खाली घालून गेलेलं नाही. समोरचा रेडिमेडवाला छापील आकडा तोंडावर फेकतो, आणि तिथून पडल्या चेहऱ्याने निघालेली माणसं रस्ता ओलांडून आमच्याकडे येतात. दोन इंच म्हणजे शास्त्राच्या हिशेबी काहीच नसणार. तेव्हा मॅडमना उगाच डोक्याला ताप नको.

धाकट्याच्या पँटी आज पुन्हा आत घेतल्या. जूनपासूनची ही तिसरी खेप. वहीत त्याचा आकडा होता तोच, एकतीस, ठेवला. सख्ख्या भावाशी शिष्टाचाराने वागायचं नाही तर कुणाशी. सहा पाव खाऊन हा आटतो आणि मी नुसत्या वासाने फुगतो, हा कुठला न्याय.

५ मार्च

धाकटा दुकानातून सारखा गायब होतो. आज मोजलं, नऊ वेळा. पाच-सात मिनिटांनी तोंड पुसत येतो. विचारलं तर म्हणतो, पाय मोकळे करून आलो. आल्यावर दमलेला असतो, टेबलाला टेकतो.

माझी खात्री होत चालली आहे की समोरच्या रेडिमेडवाल्याशी त्याची बोलणी चालली आहेत. त्याला आल्टरेशनसाठी हाताखाली जाणकार माणूस हवाय हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “भावोजींची तब्येत बघा आधी. गाल किती बसलेत त्यांचे.” मी म्हटलं, मनात काळंबेरं असलं की गाल बसतात.

मॅडमच्या वहीत आजची नोंद: उकडलेली भाजी, एक वाटी. इथली नोंद: उकडलेली भाजी, एक वाटी, आणि बेकरीत उभ्याने एक केक. उभ्याने खाल्लेलं धरायचं की नाही हे विचारायचं राहिलंय.

१२ मार्च

बँडपथकाच्या अठरा कोटांचं काम आलं आहे, लाल कापड, सोनेरी काठ. धाकट्याने आज त्यातल्या सात कोटांच्या दोन्ही बाह्या उजव्या कापल्या. तीस वर्षांत या माणसाच्या हातून बोटभर चिंधी वाया गेलेली नाही. माझा तोल गेला. म्हटलं, मन दुसऱ्याच्या दुकानात असलं की इथल्या बाह्या अशाच व्हायच्या.

तो कापड डोळ्यांजवळ धरून, मग लांब धरून बघत राहिला. म्हणाला, खडूची रेघ दोन-दोन दिसते, दिवे बदलायला हवेत. मी लगेच दोन नवे दिवे लावले. नव्या दिव्यांत मला टाचणीचं टोकसुद्धा दिसतं आणि त्याला रेघा अजून दोनच दिसतात. म्हणजे बहाणा.

१३ मार्च

आज पाळत ठेवली. माझ्या आकाराच्या माणसाने पाळत ठेवणं सोपं नाही. टपालपेटीमागे उभा राहिलो तर दोन्ही बाजूंनी मी दिसत होतो आणि पेटी दिसत नव्हती.

धाकटा आधी न्हाव्याच्या दुकानात गेला आणि त्याच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायला. दुकानात आपला पाण्याचा माठ असताना परक्याच्या नळाचं पाणी. मग टपाल कचेरीमागच्या मुतारीत. मग पुन्हा नळ. न्हाव्याला नंतर विचारलं तर म्हणाला, तुमचे बंधू रोज येतात, त्यांच्यामुळे माझी टाकी दुपारीच संपते. मला वाटतं हा नळ म्हणजे भेटीची खूण असावी.

पुढे तो दोन गल्ल्या ओलांडून लांबच्या एका औषधांच्या दुकानात शिरला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तो हातात एक चिठ्ठी घेऊन. वाचली, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली. मग दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. त्या दुकानाचा मालक रेडिमेडवाल्याचा मेहुणा आहे. करार झाला म्हणायचा. माझ्या छातीत धडधडायला लागलं आणि घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं की माझी साखर वाढली असणार.

२१ मार्च

मॅडम आज नाचायच्याच बाकी होत्या. सगळ्या मापांचा आलेख मांडून झाला. आमच्या गावात कुणी जाड होत नाही आणि कुणी बारीक राहत नाही. बापाची कंबर चौतीस, लेकाची चौतीस, शेजाऱ्याची चौतीस. लाळेतले फरक काहीही असोत, कंबर जागची हलत नाही. त्यांच्या सरांच्या मते असं गाव जगात दुसरं नसेल, इथल्या लोकांत वजनाला रोखून धरणारं काहीतरी दडलेलं आहे. पुढच्या आठवड्यात त्या हे मोठ्या सभेत मांडणार आहेत.

मी म्हटलं, आमच्याकडचं पाणी चांगलं आहे. त्यांनी तेही लिहून घेतलं. त्या गेल्यावर मी दाराशी उभा राहून रस्त्याकडे बघितलं. टपाल कचेरीतला कारकून जात होता. त्याला फाटकातून आडवं व्हावं लागतं. वहीत तो चौतीस आहे.

२२ मार्च

जेवण गेलं नाही. दुसऱ्या कुणाला जेवण गेलं नाही तर घरात काळजी करतात. आमच्या घरात आनंद झाला.

२५ मार्च

सांगितलं. मॅडम सभेसाठी निघायच्या तयारीत होत्या, मी त्यांना खुर्ची दिली आणि आबांपासूनचा सगळा शिष्टाचार ओकलो. जाड माणसाला आत ओढायचं आणि बारीक माणसाला फुगवायचं, त्यामुळे एकेचाळीस वह्यांत सगळं गाव मधोमध येऊन उभं राहिलं आहे. मॅडमनी हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाल्या, “मास्तर, मी सरांना काय सांगू?” मी म्हटलं, पाण्याचं तेवढं खोडा.

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती नवी वही काढली. खरे आकडे पाठ आहेत ना, मग सांगा, म्हणाल्या, आणि सुरुवात तुमच्या घरापासून करा. धाकटा नेहमीसारखा बाहेर गेलेला होता. माझं माप तोच घेतो, म्हणून मी बेचाळीस सांगितलं. मॅडमनी टेप मागितला आणि स्वतः मोजलं. पंचेचाळीस. धाकट्याने मला एकाच मापात तीन इंचांचा शिष्टाचार दिला होता, आबांनीसुद्धा कुणाला इतका दिला नव्हता. मला अपमानही वाटला आणि गहिवरूनही आलं.

मग मी धाकट्याचे खरे आकडे सांगायला लागलो. वहीत एकतीसच आहे, पण जूनमध्ये एकोणतीस होता, ऑक्टोबरात अठ्ठावीस, डिसेंबरात सत्तावीस, फेब्रुवारीत सव्वीस, आणि आता पट्ट्याला नवं भोक पाडलंय म्हणजे पंचवीसच धरा. मॅडमनी पेन खाली ठेवलं. खाणं कमी केलंय का, त्यांनी विचारलं. म्हटलं छे, दोघांचं खातो. पाणी खूप पितात का, असं त्यांनी विचारलं. मी हसायलाच लागलो. म्हटलं, पाण्याचं विचारू नका, न्हाव्याची टाकी दुपारपर्यंत

हे वाक्य मी तिथेच सोडलं होतं, म्हणून इथेही सोडतो. कोरडं तोंड, मुतारी, दोन-दोन रेघा, सगळं मी स्वतः पाहिलं होतं आणि लिहून ठेवलं होतं. आबांच्या वेळी हेच होतं. मी तो आजार इतके दिवस माझ्याच पोटात शोधत होतो.

एवढ्यात धाकटा तोंड पुसत आत आला. आम्हा दोघांचे चेहरे बघून दारातच थबकला. मी त्याला खिशातली चिठ्ठी मागितली. कुठली, असं त्याने विचारलं नाही. चार घड्या उलगडून पुढे केली. तीनशे शहाऐंशी.

मी ओरडणार होतो, पण कधी सांगणार होतास, एवढंच विचारलं. त्याने आधी मॅडमकडे पाहिलं, मग म्हणाला, “दादा, तू रोज सकाळी आरशापुढे उभा राहून आबांचा आजार शोधत होतास. वहिनीने साखर तपासायचं नाव काढलं की तू बोटं मुठीत लपवायचास. घरात घाबरायचं काम तू घेतलं होतंस. मग मी काय बोलणार?”

मी म्हटलं, बूट घाल, डॉक्टरकडे जायचंय. मग आठवलं की बूट त्याच्या पायातच आहेत.

२६ मार्च

डॉक्टरांनी काल सांगितल्याप्रमाणे उपाशीपोटी गेलो. त्यांनी धाकट्याचं पुन्हा रक्त घेतलं आणि सोबत आलोच आहोत म्हणून माझंही. त्याची साखर चिठ्ठीतल्याइतकीच, शिवाय गेल्या तीन महिन्यांची सरासरी काढतात, ती त्याहून वाईट. औषध आजच सुरू केलं. माझी एकशे आठ. काठावर आहात, डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा आणि चालायला लागा, पण आज आजार नाही.

हे कुठेतरी लिहायला हवं, म्हणून लिहितो. एकशे आठ ऐकल्यावर मला आनंद झाला. धाकटा शेजारच्या खुर्चीत कापूस दंडावर दाबून बसला होता आणि मला आनंद झाला. दोन श्वासांपुरता असेल, पण झाला. नंतर त्याच्याकडे बघवेना. घरी आल्यावर मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, “मी दोघांनाही जा म्हणत होते. तुम्ही फक्त स्वतःपुरतं ऐकलंत.” आणि मग माझ्यापुढे एक पाव ठेवून गेली, लोणी लावलेला. तो मला खाववला नाही. ही नोंद दोन्ही वह्यांत केली आहे.

३ एप्रिल

मॅडम आल्या होत्या. सभा त्यांनी रद्द केली, सर चार दिवस बोलत नव्हते, आता बोलतात. सगळ्या गिऱ्हाइकांची मापं नव्याने घ्यायची आणि जुने आकडे माझ्या आणि धाकट्याच्या डोक्यातून उतरवायचे असं ठरलं. कारकुनाला मी आज खरं सांगितलं, एकोणचाळीस. तो म्हणाला, मला माहीत आहे हो मास्तर, माझ्या घरी पण टेप आहे.

लाळेचा निकाल कधी, असं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या की एकेकट्याचा निकाल या अभ्यासात देतच नाहीत. हजारो माणसांची बेरीज बघतात, एका माणसाचं भविष्य नाही, आणि हे मी सही केलेल्या कागदावर पहिल्याच पानावर लिहिलं होतं. दोन महिने मी त्या निकालाची वाट बघत बोट वाचवत होतो.

मग असं कसं झालं, मी जाड आणि आजारी तो, हे विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्याबद्दल ठामपणे नाही सांगता येणार, पण असं होतं. काहींच्या शरीरात कातडीखाली चरबी ठेवायची जागाच जन्मतः कमी असते. कपाट लहान असलं की सामान पलंगावर, खुर्च्यांवर येऊन पडतं, तशी ती यकृतात वगैरे जाऊन बसते, आणि माणूस वरून सडपातळ दिसतो. काहींची साखर आवरणारी यंत्रणाच मुळात नाजूक असते. आणि तुमचं कपाट मोठं आहे, त्या मला म्हणाल्या. माझ्या पोटाबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललेलं नाही. कपाटही कधीतरी भरतंच, असं त्यांनी पुढे जोडलं. बायको आतून ऐकत होती.

१४ एप्रिल

आम्ही दोघं रोज सकाळी चालतो. धाकटा पुढे, मी मागे. न्हावी म्हणाला की त्याची टाकी आता संध्याकाळपर्यंत पुरते. डाव्या बाह्याही झाल्या आणि बँडवाले कोट घेऊन गेले.

डॉक्टरांनी एक काम सांगितलं आहे. या आजारात पायांची जाणीव हळूहळू मरू शकते, म्हणून रोज तळवे बघायचे. तेव्हा मला आबांचं कोडं सुटलं. मी समजत होतो की पाच महिने ते दुखणं सोसत होते. त्यांना दुखतच नव्हतं. त्यांचा पाय त्यांना काही सांगतच नव्हता आणि आम्हा दोघांनाही त्यांच्या बुटात डोकावायची अक्कल झाली नाही.

धाकट्याची नजर अजून नीट बसलेली नाही, त्याला स्वतःचे तळवे दिसत नाहीत. वहिनीला दाखवायला लाजतो. मला दाखवायला तर त्याहून लाजतो. मोठ्या भावाच्या मांडीवर पाय कसा ठेवू म्हणतो. आठवडाभर रोज सकाळी यावर भांडण होतं आणि रोज गिऱ्हाईक येऊन ते मोडतं. बघितलेत मी माझे, ठीक आहेत, असं म्हणून तो मोजे चढवतो. आमच्या घराण्यात लपवायची खोड कुठून आली, हे लाळेत सापडतं का ते मॅडमना विचारणार आहे.

१५ एप्रिल

आज दुकान उघडायच्या आधी मी दाराला आतून कडी घातली आणि बुटक्या स्टुलावर बसलो. पोटामुळे बसायला वेळ लागला, आणि परत उठायचं तर त्याचा हात लागणार हे दोघांनाही दिसत होतं. म्हटलं, पाय दाखवल्याशिवाय मी उठत नाही, आणि तू नाही उठवलंस तर मला उठता येणार नाही. तो पुष्कळ वेळ उभा राहिला. मग बूट काढला, मोजा काढला, आणि तोंड भिंतीकडे फिरवून उजवा पाय माझ्या मांडीवर ठेवला.

एकोणपन्नास वर्षांत मी त्याचा तळवा पाहिला नव्हता. टाच पाहिली, बोटांच्या बेचक्या एकेक उघडून पाहिल्या. कुठे काही नव्हतं. मग तळव्यावरून अंगठा फिरवला, आणि तो किंचाळला. पाय असा झाडला की मी स्टुलासकट मागे गेलो आणि बटणांचा डबा अंगावर आला. गुदगुल्या होतात म्हणाला, पोरासारखा लाल झाला होता. मी पुन्हा पाय धरला आणि पुन्हा अंगठा फिरवला, तो पुन्हा किंचाळला. मग डावा. डाव्याला जास्त. बाहेर कुणीतरी दार वाजवायला लागलं, आत काय चाललंय म्हणून. मी हसत होतो आणि माझे डोळे वाहत होते, आणि तो म्हणत होता, सोड दादा, पुरे आता, सोड.

मी सोडला नाही. अंगठा, करंगळी, टाच, सगळीकडे फिरवून पाहिलं. सगळीकडे ओरडला.

उद्या सकाळी पुन्हा बघणार. रोज बघणार. रोज तो ओरडला पाहिजे.